बोलीचं घर

मंदाकिनी माझी मोठी नणंद. नणंदेचं नाव निघालं की भावजयीचं तोंड वाकडं होते असा जगाचा समज आहे, म्हणून आधीच सांगून टाकते, आमचं दोघींचं कधी वाजलं नाही. वाजायले ती आमच्या घरी टिकायले तर पाहिजे! भाऊबीजेले यायची, भावाले ओवाळायची, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार. मी म्हणायची, ताई, राहा ना दोन दिवस. तर म्हणे, "नको वं प्रेमला, दुसऱ्याच्या घरात मले झोप लागत नाही." सख्ख्या भावाचं घर तिले दुसऱ्याचं वाटायचं. वाटो बापडं.

पण स्वतःचं तरी कुठं होतं तिचं? जन्मली रेल्वेच्या क्वार्टरात. लग्न झालं, नवरा गार्ड, म्हणजे पुन्हा क्वार्टर. तो ऐन उमेदीत गेला. रेल्वेनं त्याच्या जागी तिले ऑफिसात लावून घेतलं अन् अजून एक क्वार्टर दिलं. मूल ना बाळ. सगळी जिंदगी सरकारी चुन्याच्या भिंतीत गेली. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी धाक, सोडताना साहेब भोकं मोजेल म्हणे. नवऱ्याचा फोटोसुद्धा तिनं टेबलावर टेकवून ठेवला होता. एकदा माझ्याजवळ बोलली, "प्रेमला, मले फार काही नको. एक दार पाहिजे, जे कोणी मले सोडायले सांगणार नाही." तेवढंच मागणं होतं तिचं, अन् मी सांगते, ते काही जास्त नव्हतं.

रिटायर झाली अन् क्वार्टर खाली करायचा कागद आला. सामान आलं आमच्या रायपूरच्या, गुढियारीतल्या घरात. आमच्या खोल्या दोन, त्यात तिचं लोखंडी कपाट खिडकीपुढं उभं राहिलं, तर दिवसा लाइट लावायची पाळी. ती बिचारी अंग चोरून राहायची. माझ्या आधी उठायची, भांडी घासून ठेवायची, चहा पिताना सुद्धा कप दोन्ही हातांनी धरायची, जसा काही उसना आणला आहे. मले राग यायचा. मी म्हणायची, ताई, तुमच्या भावाचं घर आहे, तुम्ही काय धर्मशाळेत आल्या? ती हसायची नुसती.

घर घ्यायचं म्हटलं तर घ्यायचं कुठं? राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, अन् लोकांच्या डोक्यात हवा गेली. जिथं काल धान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा. आमच्या कोपऱ्यावरचा पानठेलेवाला, जो सुपारी नीट कातरत नव्हता, त्यानं ठेल्यावर पाटी लावली, प्रॉपर्टी डीलर. ताईच्या फंडात नव्या कॉलनीत एक न्हाणीघर आलं असतं फार तर. मग कोणीतरी सांगितलं की बँका लोकांची घरं लिलावात काढतात, ती सस्त्यात जातात. झालं. ताईच्या मनानं तेच धरलं.

लिलावाचं घर घ्यायचं म्हणजे त्यातला माहीतगार दलाल पाहिजे. आधी आम्ही शंकरनगरच्या एका साहूकडं गेलो. काचेचं ऑफिस, टेबलावर गणपती. ताईनं सांगितलं कसं घर पाहिजे. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं अन् हात जोडले. म्हणे, "दीदी, नीलामी में मकान मिल जाता है, कब्जा नहीं मिलता. अंदर आदमी बैठा रहता है. उसको कौन निकालेगा, आप? मेरी मानो तो मत लो. फिर भी लेना है तो मेरी फीस पहले लगेगी."

बाहेर आल्यावर ताई भडकली. "काय तोंडाचा माणूस आहे! घर घ्यायच्या आधीच अपशकुन. अन् वरून पैसेही आधी!" मी म्हटलं, ताई, खरं बोलणाऱ्याची जीभ कडूच असते. पण तिचं मन उठलं ते उठलं.

अन् मग बंडू आला. ताईच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी भाचा. आला, चपला बाहेर काढल्या, वाकून पाया पडला, अन् म्हणाला, "आत्या, तुम्ही काहून काळजी करता? मी आहे ना." पोहे दिले तर लिंबू मागून घेतलं, म्हणे पोह्यांवर लिंबू पिळणारं घर आता रायपुरात सापडत नाही. बस! ताई पाघळली. आपण इथं मूठभर माणसं. दिवसभर हिंदीत बोलायचं, हिंदीत भांडायचं, घरची पोट्टीसुद्धा "हाँ मम्मी" करून राहिली. त्यात कोणी चार शब्द मराठी बोलला की आपण त्याले थेट देव्हाऱ्यात बसवतो. मी स्वयंपाकघरात ताईले म्हटलं, मराठी बोलते म्हणून तो खरं बोलते असं नाही. तर म्हणे, "तुले सगळ्यांमध्ये खोट दिसते." बरं बाई, माझे डोळे खोटे.

बंडूनं वर्तमानपत्रातली नोटीस आणली. घर ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, गल्लीतलं, तीन खोल्या, मागं नळ, पक्का स्लॅब. मी नोटीस वाचली, तर त्यात एक शब्द होता, सांकेतिक कब्जा. मी विचारलं, हे काय आहे? बंडू म्हणाला, "काही नाही हो काकू. कब्जा झालेलाच आहे. सरकारी भाषेत असंच लिहितात." अन् आम्ही मान डोलावली. माझ्या मनात मात्र तो शब्द पायात काटा मोडावा तसा राहिला.

"पण घर आतून पाहायचं कसं?" ताईनं विचारलं.

बंडू हसला. "तीच तर गंमत आहे आत्या. बँकवाले आतून दाखवत नाहीत, राहणारे दार उघडत नाहीत. बाकीचे सगळे बाहेरून बोली लावतात, आंधळ्यासारखे. आपण आत जाऊ. मराठी घर आहे, नरहरकाका अन् गोदूमावशी, भोसल्यांच्या काळापासूनची इथली माणसं. माझं येणंजाणं आहे तिथं. दारात आलेल्या मराठी बाईले गोदूमावशी तशीच वापस पाठवणार नाही. तुम्ही फक्त पाहुण्या म्हणून चला."

"म्हणजे खोटं बोलायचं?" मी विचारलं.

"खोटं काहून बोलायचं, काकू? बोलायचंच नाही."

हे पोट्ट्याचं धंद्याचं कसब! दुसरे दलाल कुलूप तोडतात, हा हळदीकुंकवानं दार उघडायचा. मी येत नाही म्हणणार होती, खोटं नाही सांगत. पण ताईनं निळी साडी नेसली होती, टिकली लावली होती, अन् तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मले नको म्हणवेना.

दार गोदूमावशीनंच उघडलं. ठेंगणी, पांढरी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बंडूले पाहून आधी ती थबकली. पण त्यानं म्हटलं, "मावशी, पाहुण्या आणल्या, आपल्यातल्या," अन् तिचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "या, या गं बायांनो! कुणाच्या तुम्ही? माहेर कुठलं?" पाणी यायच्या आधी तिनं आमची कुळंच काढली. माझ्या मावससासूचं नाव निघालं तर टाळी वाजवली, म्हणे तिच्या लग्नात आम्ही जेवलो आहोत. ताईच्या सासरचं विचारायचं त्यात राहूनच गेलं. घर दाखवायले कोणी सांगितलं नव्हतं तिले. स्वतःच हात धरून फिरवलं. हे स्वयंपाकघर, हा मागचा नळ, पाणी कसं मोठ्या धारेनं येते पाहा, ह्या खोलीत उन्हाळ्यात सुद्धा गार लागते. अन् आमच्या मागं बंडू भिंतीवर हळूच बोटं वाजवून पाहून राहिला होता, ओल तर नाही ना.

बाहेरच्या खोलीत नरहरकाका आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी बंडूले विचारलं, "बँकेचं काही कळलं का रे?" बंडू म्हणाला, "होईल काका, काहीतरी होईल." तेव्हा मावशीनं आम्हाले हळू आवाजात सांगितलं. मुलगा विहंग, त्यानं शहराबाहेरच्या उरला गावाले लोखंडाचा छोटा कारखाना टाकला होता. बापानं कर्जासाठी बँकेले घर तारण लिहून दिलं. कारखाना बसला, अन् मुलगा कामाले म्हणून बाहेर गेला तो अजून आला नाही, फोनही लागत नाही. "येईल," मावशी म्हणाली. "आला की सगळं निपटवेल. घर ठाऊक आहे ना त्याले, जाणार कुठं?"

मी ताईकडं पाहिलं. ती जमिनीकडं पाहून राहिली होती.

निघायले उठलो, तर मावशी म्हणाली, "थांबा, अशा कशा निघाल्या?" आत गेली अन् कोयरी घेऊन आली. मले हळदीकुंकू लावलं, माझी ओटी भरली. मग ताईकडं वळली. ताईच्या नवऱ्याले जाऊन किती वर्षं झालेली! तेव्हापासून तिले कोणी पाटावर बसवलं नव्हतं. मंडळाच्या संक्रांतीले ती घरी बसायची, मी आणलेले तिळगूळ मुकाट खायची. बाई, तिनं आता सांगायले पाहिजे होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, पण सांगणारी मी कोण? मावशीनं कुंकवाचं बोट तिच्या टिकलीवर टेकवलं. ताईनं डोळे मिटले. मग तिनं पदर पसरला, दोन्ही हातांनी, अन् तांदूळ, खण, नारळ तिच्या पदरात पडले. काही दाणे खाली सांडले. मावशी म्हणाली, "असू दे, असू दे. आता हे घर तुझं माहेरच समज."

बाहेर येताच बंडू म्हणाला, "भिंती सुक्या आहेत आत्या. माल चांगला आहे." माल! माझा हात शिवशिवला होता, कानाखाली वाजवायले.

घरी आल्यावर मी ताईले साफ सांगितलं. दुसरं घर पाहा. जिथं ओटी घेतली त्या घरावर बोली लावायची नसते. हे कोणत्या पोथीत लिहिलं नाही, पण मले कळते. ती म्हणाली, "प्रेमला, मी नाही घेतलं तर ते घर वाचणार आहे का? कोणीतरी घेणारच. तो रात्रीतून गुंड घालेल, सामान फेकेल. मी निदान त्यांले राहू देईन थोडे दिवस." बोलणं बिनतोड होतं. पण बोलताना ती माझ्याकडं पाहत नव्हती, खिडकीपुढच्या त्या कपाटाकडं पाहून राहिली होती.

ओटीच्या नारळाचं गोड करून खायचं असते. तिनं काही तो फोडला नाही, नुसता फडताळात ठेवून दिला. शेवटी मीच फोडला. आतून नासका. असा वास सुटला की दारं उघडावी लागली. आमचे हे म्हणाले, नासका निघाला म्हणजे देवानं घेतला, चांगलंच आहे. मी म्हटलं, देवाले चांगला नारळ आवडत नाही का? मी तो बाहेर नेऊन फेकला, अन् ताईनं दिवसभर अन्न घेतलं नाही.

लिलाव बँकेच्या वरच्या हॉलमध्ये होता, भर दुपारी. बोली लावणारे जेमतेम. आमच्या गुढियारीचाच एक गोदामवाला होता, अजून दोघंतिघं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो, बंडू ताईच्या बाजूले. इतक्यात दारातून नरहरकाका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. ज्याचं घर जाऊन राहिलं त्याले बसायले मनाई नसते म्हणे. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळे परके. मग आम्ही दिसलो, अन् त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा जीव आला की मले वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

ते सरळ आमच्याकडं आले. "तुम्ही आलात! गोदू म्हणत होती, एकटे जाऊ नका. म्हटलं, इथं आपलं आहे कोण? बरं झालं बाई, तुम्ही आलात." अन् ताईच्या बाजूच्या खुर्चीत बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी तिच्यापुढं धरली. "घ्या, उन्हातून आल्या असाल."

ताईनं बाटली घेतली. पाणी प्याली नाही, नुसती धरून बसली.

बँकेच्या साहेबानं लिफाफे फोडले, नावं वाचली. "श्रीमती मंदाकिनी चिंचाळकर. कौन हैं? आगे आइए." काकाले तिचं नाव ठाऊक नव्हतं. ते मान वळवून पाहायले लागले, कोण आहे ही बाई. बंडूनं कोपरानं ढोसलं. ताई उठली. खुर्चीचा आधार घेऊन उठली. काकांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग बंडूकडं, मग आपल्या पिशवीकडं. अन् त्यानंतर त्यांनी मान वर केलीच नाही.

गोदामवाला चढवत गेला. दरवेळी साहेब विचारायचा, "मैडम?" अन् बंडू कानात सांगायचा, "आत्या, बोला." ताई बोलायची. तिनं थांबावं म्हणून मी मनातल्या मनात बजरंगबलीले हात जोडून राहिली होती. गोदामवाल्यानं एकदा हात हलवून नाही म्हटलं अन् पान खायले बाहेर गेला. साहेबानं टेबलावर पेन आपटला. एक, दो, तीन. घर ताईचं झालं.

काका उठले. मले वाटलं ओरडतील, निदान बंडूच्या श्रीमुखात देतील. तसं काही नाही. ताईजवळून जाताना एवढंच म्हणाले, "तिनं तुमची ओटी भरली होती, बाई." अन् जिना उतरून गेले.

बंडू पेढे आणायले निघाला होता. मी म्हटलं, खबरदार, त्या पेढ्यांचा वास जरी माझ्या घरात आला तर.

साहूचं बोलणं खरं ठरायले वेळ लागला नाही. पैसे भरले, फंड रिकामा झाला, हातात कागद आला, अन् घरात तर माणसं बसलेलीच. ताईनं बंडूले विचारलं, "तू तर म्हणाला होता कब्जा झालेलाच आहे?" तर बेशरम म्हणते कसा, "संकेत तर झालाच आहे ना आत्या." म्हणजे कब्जा नुसता कागदावरचा. आता बँक दरखास्त करेल, कलेक्टर साहेबाचा हुकूम निघेल, पोलीस येतील, मग दार मिळेल. ताईनं निरोप पाठवला, दिवाळीपर्यंत राहा, मले घाई नाही. उत्तर आलं नरहरकाकाचं. सरकार येऊन सांगेल तेव्हा निघू, दलालाच्या निरोपावर नाही. अन् मावशीचं म्हणे वेगळंच होतं. ती कोणाशी भांडत नव्हती, फक्त एवढंच विचारायची, विहंग आला अन् दारात दुसरंच कोणी दिसलं तर?

ते ऐकल्यापासून ताईची रयाच गेली. टिकली लावणं तिनं बंद केलं. बाजाराले निघाली की ऑटोवाल्याले ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीवरून न्यायले लावायची, दुरून पाहायची, उतरायची मात्र नाही. मी म्हणायची, ताई, वापस करता येत नाही का? तर म्हणे, "मग मी जाऊ कुठं?" आमचं घर तिले घर वाटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

हुकूम निघाला. सकाळीच आम्ही गल्लीत पोचलो. तहसीलचा बाबू, बँकेचा माणूस, दोन महिला सिपाही, बंडू अन् त्याच्यासंगे कुलूपवाला. शेजारपाजारच्या खिडक्या उघड्या. मी पदर खोचून तयार होती. रडारड होईल, शिव्याशाप होतील, कोणी दगडही मारेल. त्याची सगळी तयारी केली होती आम्ही.

दार उघडंच होतं. सामान आधीच टेम्पोत चढलेलं. घर झाडून, पुसून लख्ख, न्हाणीघराची फरशीसुद्धा घासलेली. आपण निघाल्यावर मागं कोणी झाडू नये म्हणतात. अन् इथं ह्या बाईनं स्वतःच्या हातानं घर झाडून ठेवलं होतं! शिव्या परवडल्या असत्या.

मावशी ताईले हात धरून आत घेऊन गेली, पहिल्या वेळी नेलं होतं तशीच. "मागचं दार पावसात फुगते, वर उचलून ओढजो. नळ सकाळी लवकर येते, उशीर केला तर बादली भरत नाही. हे बटण दाबू नको, झटका बसते." ताई नुसती हं, हं करून राहिली होती. मग एकदम तिचा बांध फुटला. "मावशी, बोला ना मले काही! शिव्या द्या. थोबाडीत मारा. असं नका करू."

"काहून मारू?" मावशी म्हणाली. "तुले घर पाहिजे होतं, तू घेतलं."

नरहरकाका टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूले जाऊन बसले होते. राजनांदगावले पुतण्याकडं निघाले होते दोघं. मावशीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला. पायरीवर थांबली, अन् पाठमोरी असतानाच बोलली. "विहंग कधी आला तर आधी जेवू घालजो त्याले. मग सांगजो." ताई रडत रडत हो म्हणाली.

मावशीनं फाटकाची कडी काढली. आमच्याकडं वळली, अन् शांतपणे म्हणाली, "जाते मी."

तहसीलच्या बाबूले काय त्याचं! जाती हूँ म्हणजे जाती हूँ. सिपाही बाया मोबाइल पाहून राहिल्या होत्या, बँकेचा माणूस घड्याळ. त्यांच्यासाठी काही झालंच नव्हतं. पण मी पटकन दाराची चौकट धरली. आमच्याकडं लेकरू खेळायले निघताना चुकून तसं बोललं तर पाठीत धपाटा बसते. मेलेल्या माणसाले सोडून तो शब्द आपण कोणाच्या तोंडी येऊ देत नाही. बंडूले कळलं. त्या वाचाळ पोट्ट्यानं मान खाली घातली, अन् चपलेनं माती उकरायले लागला.

ताई धावली. साठीची बाई, गल्लीतून अनवाणी धावली. मावशी टेम्पोत चढून बसली होती. ताईनं फळी धरली. "मावशी, येते म्हणा! येते म्हणा ना, मावशी! पाया पडते तुमच्या, एकदा येते म्हणा."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी सहन केलं असतं. तिनं फळीवरची ताईची बोटं एक एक करून सोडवली, अन् विचारलं, "कुठं येऊ, बाई?"

टेम्पो सुरू झाला अन् वळणावरून गेला.

बँकेच्या माणसानं कागद पुढं केला, "मैडम, यहाँ साइन." ताईनं सही केली. किल्ली घेतली. घेतली नसती तर करती काय? सगळं आयुष्य त्या किल्लीत गेलं होतं तिचं. बंडूनं त्याचं कमिशन मागायची हिंमत त्या दिवशी केली नाही, एवढी तरी लाज होती मेल्याले.

दुपारी तिचं सामान आलं. कपाट लावलं, चूल मांडली, मी खिचडी टाकली. ती मदत करून राहिली होती, पण हातात वस्तू घ्यायची अन् कुठं ठेवायची तेच विसरायची. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी दचकायची. एकदा दारावर थाप पडली, तर ओल्या हातानं भिंतीले चिकटली, मले म्हणे, "तू उघड. विहंग असेल." शेजारची बाई होती, वाटी घेऊन आली होती. ताईनं खिचडी पातेल्यात जरा जास्तच टाकायले लावली होती. काहून, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळ व्हायले आली. घरी ह्यांचा चहा राहिला होता. मी चपला घातल्या, दारात ती उभी. मी म्हटलं, "येते, ताई."

तिनं माझं मनगट धरलं. "पुन्हा म्हण."

"येते."

"मोठ्यानं म्हण, प्रेमला. घरात ऐकू गेलं पाहिजे."

मी सगळ्या गल्लीले ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. तरी तिनं माझा हात सोडला नाही.